पाच मिनिटं आणि अर्धा कप

माझ्या बायकोच्या आत्यांनी एकट्यांनी अकोल्यात जेवढा गोंधळ माजवला, तेवढा आजवर कुठल्या साथीने, निवडणुकीने किंवा बारावीच्या निकालानेही माजवला नसेल, असं मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. मी गणिताचा मास्तर. अमरावतीला राजापेठेत, राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत माझा क्लास चालतो. डावी बाजू उजव्या बाजूशी जुळली नाही तर मला घास गिळवत नाही. आणि आत्यांचं कुठलंच गणित मी जुळलेलं पाहिलेलं नाही. जुळतंय असं वाटायला लागलं की त्या मधेच एखादा डास सोडून देतात.

आत्या अकोल्याला एका नागरी आरोग्य केंद्रात चौतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायच्या, "येळ नाई भेटला." आमची पहिली भेट माझं लग्न ठरायच्या वेळची. मुलीकडची मंडळी घर पाहायला आली होती. एप्रिल महिना, अंगाची काहिली, आणि मी नवीन शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर बसलेलो. बाकीच्यांनी मला पाहिलं. आत्यांनी मात्र माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ मागच्या गल्लीत गेल्या, पर्समधून बॅटरी काढली आणि आमच्या कुलरच्या टाकीत मान घातली. परत आल्या तेव्हा पदराला गवताचे तूस चिकटले होते. सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला, "पोरगा ठीक हाये. पन कुलरमंधी अळ्या हायेत. पोरगी देऊ, अगुदर टाकी घासा." माझे वडील निवृत्त हेडमास्तर, पण त्या दिवशी त्यांनी बनियनवर कुलर घासला आणि मगच सुपारी फुटली. माझी आई त्यानंतर दोन वर्षं आत्यांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. कुलर मात्र दर आठवड्याला घासत होती, हेही सांगायला हवं.

आता हा गोंधळ आत्यांनी स्वतःच्या मनाने सुरू केला असं म्हणणं अन्यायाचं होईल. चौतीस वर्षांत वरून जेवढे रोग आले तेवढे त्यांनी वस्तीत पोचवले. हिवताप आला, कुष्ठरोग आला, क्षय, कावीळ, गॅस्ट्रो, डेंग्यू आला, आणि नोकरीच्या अगदी शेवटी कोरोना. प्रत्येक रोगाबरोबर त्याचे नियम आले. बाकीचे लोक नवा नियम आला की जुना विसरतात. आत्यांनी एकदा हाती घेतलेला नियम कधी खाली ठेवला नाही. त्यामुळे त्यांच्या नाल्याकाठच्या वस्तीत सगळे नियम एकाच वेळी चालू होते. क्षय सांगे खिडकी उघडी ठेवा, डेंग्यू सांगे बंद ठेवा. गॅस्ट्रो सांगे हात धुवायला पाणी भरून ठेवा, डेंग्यू सांगे पाणी साठवू नका. आणि नळाला पाणी यायचं पाच-सहा दिवसांनी, त्यामुळे घरात माणसांपेक्षा पाण्याचे ड्रम, हंडे आणि गुंडच जास्त. कुष्ठरोग म्हणे रोग्याला जवळ करा, कोरोना म्हणे चार हात लांब राहा. हे चार हातांचं सांगितलं तेव्हा एका बाईने म्हणे हात पसरून आपलं घर आत्यांना मोजून दाखवलं. घर सहा हात भरलं आणि माणसं सात. आत्यांनी ते स्वतः पुन्हा मोजलं, "बरोबर हाये माय तुयं," म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

लग्नानंतर दोन वर्षं मी अकोल्याला एका शाळेत होतो आणि आम्ही दोघं आत्यांच्याच घरी राहायचो. दर रविवारी सकाळी त्यांची पिशवी धरायला मला वस्तीत जावं लागे. पिशवीत पत्रकं, खडू, बॅटरी, बेडका तपासायच्या डब्या आणि एका बरणीत गप्पी मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आत्या ते लोकांच्या ड्रमात सोडायच्या. बरणी हिंदकळली की माझ्यावर ओरडायच्या, "जवाईबापू, लेकरं हायेत त्यात." पहिल्याच रविवारी एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना अडवलं. "बाई, मायी खिडकी एकच हाये. उघडी ठेवू का बंद?" मला वाटलं, आता आत्या अडकल्या. त्या म्हणाल्या, "सकाळी क्षयासाठी उघडी, सांजच्याले मच्छरासाठी बंद." बाबांनी विचार केला. "अन दुपारी?" आत्या म्हणाल्या, "दुपारी तुमची मर्जी." बाबा समाधानाने आत गेले. मी रस्त्यात उभाच. इतक्या महत्त्वाच्या विषयात दुपार अशी वाऱ्यावर सोडून देणं मला पटलं नव्हतं.

पत्रकांचीही तीच तऱ्हा. डेंग्यूची पत्रकं संपली की त्या कुष्ठरोगाच्या पत्रकाच्या मागे डास काढून द्यायच्या. चित्रकला बेताची, त्यामुळे तो डास कधी बगळ्यासारखा दिसे तर कधी सायकलसारखा. एकदा कुठूनतरी त्यांना डासाचं दाराएवढं छापील चित्र मिळालं. ते त्यांनी ज्या घराला दिलं त्या घरच्यांनी पत्र्याला पडलेलं भोक त्याने बुजवलं, डास बाहेर तोंड करून. पुढे वस्तीत पत्ता सांगताना लोक "मच्छराच्या घरापासून तिसरं" असं सांगू लागले. भिंतीवरचा डास पाहून एका तरी माणसाने मच्छरदाणी लावली का, असं मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाई. पन पोस्टमन चुकत नाई आता."

या सगळ्यात मला वैताग आणणारी गोष्ट म्हणजे त्यांची पाच मिनिटं. वस्तीच्या त्या ओळीत सव्वीस घरं. आत्या पहिल्या घरात शिरायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायच्या, अर्धा कप चहा मागायच्या आणि बरोबर पाच मिनिटं बसायच्या. पाच झाली की उठायच्या. मग दुसरं घर, पुन्हा घड्याळ, पुन्हा अर्धा कप. घरात कोणी असो, नसो. घराला कुलूप असलं तर उंबऱ्यावर पाच मिनिटं बसायच्या आणि आत कोणी असल्यासारखं कुलरबद्दल बोलायच्या. एकदा एक बाई सासूशी झालेल्या भांडणाची हकिगत सांगत होती. सासूने हातात लाटणं घेतलं, इथवर आली आणि आत्या उठल्या. ते लाटणं पुढे कोणाला लागलं हे आम्हाला पुढच्या रविवारी कळलं. मी आठवडाभर अस्वस्थ होतो. मी हिशोब मांडून दाखवला की सव्वीस घरं गुणिले पाच म्हणजे दोन तास दहा मिनिटं, आणि तेरा कप चहा. ज्या घरी आजारी माणूस आहे तिथेच जा, बाकीची सोडा, अर्ध्या तासात काम होईल. आत्यांनी कागद पाहिला. "हिशोब बरोबर हाये तुमचा," म्हणाल्या आणि त्याच कागदाच्या मागे डास काढला.

आता माझी चूक सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण ती सांगितल्याशिवाय आत्या कळणार नाहीत.

एका रविवारी आत्यांचा पाय मुरगळला. त्यांनी मला पलंगाजवळ बोलावून एक पाकीट दिलं. चौदाव्या घरात कविता नावाची सून होती, वीस-बावीस वर्षांची, नवरा बाजार समितीत हमाल. तिला क्षय झाला होता आणि हे तिचं महिन्याचं औषध. एकही दिवस चुकायला नको होतं, कारण हे औषध मधे सुटलं की रोग दुप्पट जोराने उलटतो. इतकं सांगून त्या म्हणाल्या, "पयल्या घरापासून सुरू करा. पाच पाच मिनिटं. अर्धा अर्धा कप. चौदाव्या घरी बी पाचच." मी मान डोलावली, आणि वस्तीत गेल्यावर सरळ चौदाव्या घरात शिरलो. अक्कलहुशारी दाखवायची ही संधी होती. मी अर्धा तास बसलो. रोग कसा होतो, कसा बरा होतो, गोळ्या घेतल्यावर लघवी संत्र्याच्या रंगाची झाली तर घाबरायचं नाही, सगळं समजावलं. पाटीवर फुप्फुसांची आकृती काढली. दारात बायका जमल्या होत्या, त्यांनाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. परत येऊन मी आत्यांना अभिमानाने सांगितलं, "अडीच तासांचं काम चाळीस मिनिटांत!"

आत्यांनी विचारलं, "कविताच्या घरी किती येळ बसले?"

"अर्धा तास. आणि तिथेच गेलो फक्त. वेळ कशाला घालवायचा?"

त्यांनी कपाळाला हात लावला आणि एवढंच म्हणाल्या, "अरे बाप्पा. पोरगी गेली आता."

मला काही कळेना. मंगळवारी कळलं. नळावर कविताचा गुंड कोणीतरी रांगेतून काढून बाजूला ठेवला. शेजारणींनी आपली लेकरं तिच्या अंगणातून ओढून नेली. सासू वाईट नव्हती, पण सव्वीस घरांच्या डोळ्यांपुढे एकटी किती टिकणार? तिने औषधाचं पाकीट नाल्यात टाकलं आणि सुनेला अचलपूरला माहेरी पाठवून दिलं. दोन दिवस कविताच्या पोटात गोळी नव्हती. मी आत्यांसमोर जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं, त्या मला फाडून खातील. त्या काठी शोधत होत्या. "पिशवी घ्या," म्हणाल्या. "अचलपूरची येष्टी साडेसहाले हाये."

अचलपूरच्या त्या गल्लीत अकरा घरं होती आणि कविताच्या आईचं घर सहावं. माझं गणित अजूनही तेच, की घाईचं काम आहे, सरळ सहाव्या घरी जायचं. आत्या लंगडत गल्लीच्या टोकाला गेल्या आणि पहिल्या घराची कडी वाजवली. घरची बाई म्हणाली, "कोनाच्या घरी आले?" आत्या म्हणाल्या, "तुमच्याच." आत जाऊन बसल्या, घड्याळ मांडीवर ठेवलं. "कुलर हाये का वो तुमच्याकडे?" त्या बाईने कुलर दाखवला, अर्धा कप चहा दिला, आणि पाच मिनिटांनी आम्ही उठलो तेव्हा आम्ही कोण हे न कळलेली ती बाई दारात उभी राहून आम्हाला "या परत" म्हणत होती. असं दुसरं घर, तिसरं, चौथं, पाचवं. माझं लक्ष सहाव्या दाराकडे आणि पोटात अडीच कप चहा.

सहाव्या घरी कविता कोपऱ्यात बसली होती. आम्हाला पाहून तिने तोंड फिरवलं, म्हणजे मला पाहून. तिचा कप वेगळा करून खिडकीत ठेवला होता, दांड्याला सुतळी बांधून, कोणी चुकून उचलू नये म्हणून. आत्यांनी तो पाहिला. कविताच्या आईला म्हणाल्या, "मले त्याच कपात दे." आई गडबडली, नको नको म्हणाली. आत्यांनी उठून स्वतः कप घेतला, सुतळी सोडली, कप पुढे केला. चहा प्याल्या. "हा रोग हवेतून होते माय, कपातून नाई," म्हणाल्या. पिशवीतून नवं पाकीट काढून कविताच्या हातात दिलं, त्यातली गोळी समोर घ्यायला लावली. इथल्या दवाखान्यात कोणाला भेटायचं ते सांगितलं, आणि पाच मिनिटं झाली तशा उठल्या. मी उठलो नाही. मला कविताची माफी मागायची होती. आत्यांनी दंडाला धरून मला उठवलं आणि सातव्या घरी नेलं. अकराव्या घरापर्यंत आम्ही गेलो. एकही अर्धा कप मी नाकारला नाही. तेवढीच शिक्षा.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आत्या, मला एकदा नीट सांगा."

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आपुन ज्या घरी जास्त येळ बसतो ना, लोकं त्या घराले रोग चिकटवतात. आरोग्यवाली बाई कोनाच्या घरी थांबली, थेच पाह्यत रायतात सारे. म्हनून सगळ्याईले सारखं. कोनाले काय झालं थे त्याले मालूम, मले मालूम, अन डाक्टरले मालूम. चौथ्याले कावून पायजे?"

"म्हणजे ते डास, अळ्या, खिडकी उघडी, खिडकी बंद... क्षयाच्या घरी डेंग्यू, डेंग्यूच्या घरी कावीळ... हा सगळा गोंधळ तुम्ही मुद्दाम करता?"

"थोडा मुद्दाम," आत्या म्हणाल्या. "थोडा होते."

किती भाग मुद्दाम आणि किती आपोआप, हे मला आजही काढता आलेलं नाही. कविताचं औषध मात्र पूर्ण झालं. तिसऱ्या महिन्यात नवरा स्वतः येऊन तिला अकोल्याला घेऊन गेला. त्याला आत्यांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही. इतकंच कळलं की त्याला भेटायला त्या बाजार समितीत गेल्या होत्या आणि त्या दिवशी तिथल्या समस्त हमालांना पाच पाच मिनिटं कुलरबद्दल ऐकावं लागलं. त्यातल्या एकाच्याही घरी कुलर नव्हता.

मग आम्ही राजापेठेत आलो, क्लास काढला, आत्या निवृत्त झाल्या. मागचा हिवाळा सरता सरता त्यांना खोकला लागला. फोनवर बोलताना मधेच थांबायच्या. बायको जाऊन त्यांना घेऊन आली, तपासण्या झाल्या, आणि निघाला क्षय. मला पहिल्यांदा तो सुतळीचा कप आठवला. माझा चेहरा पाहून आत्यांना ते कळलं. "कपानं नाई झाला, जवाईबापू. चौतीस वर्सं लोकाईच्या घरात हवा खाल्ली म्या, अन वरून शुगर. आता ह्यो पावना आला." हे सांगताना त्यांनी तोंडावर रुमाल बांधला होता, आणि बांधून झाल्यावर मला पहिला हुकूम सोडला, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत क्लास बंद, एक पोरगं घरात येता कामा नये. मागच्या खोलीत त्यांनी पलंग खिडकीशी ओढून घेतला. सकाळी खिडकी उघडी, संध्याकाळी बंद. दुपारी त्यांची मर्जी.

पुढे डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं आहे, आता त्यांच्यापासून कोणाला धोका नाही. गोळ्या तेवढ्या शेवटपर्यंत घ्यायच्या. मी सुटलो असं वाटलं, पण खरी कसोटी पुढेच होती. आमची इमारत बारा फ्लॅटची. राजापेठेत गल्लीगल्लीत क्लास, पालक चपलेच्या दुकानात हिंडावं तसे क्लास पाहत हिंडतात. आठ दिवसांत माझी नवी बॅच सुरू व्हायची होती. मास्तरच्या घरात टीबी, एवढे तीन शब्द जिन्यातून खाली गेले असते, तर ती बॅच सुरू झालीच नसती. डॉक्टरांचा कागद मी काय प्रत्येकाच्या तोंडापुढे धरणार होतो? आणि तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. त्यांची चौकशी करायची सवय काही निवृत्त झालेली नाही. "सर, महिनाभर क्लास बंद? घरात कोणी खोकतं म्हणे?" मी म्हणालो, धुळीची ॲलर्जी. आणि रात्रभर मला स्वतःची लाज वाटली. मी आत्यांना विचारलं, "रोग लपवू नये, असं तुम्ही जन्मभर सांगितलंत. मग मी करतोय ते बरोबर की चूक?" त्या म्हणाल्या, "डाक्टरपासून लपवाचा नाई. शेजाऱ्यापासून लपवला तं चालते." आणि थोड्या वेळाने, "तसा शेजाऱ्यापासून बी लपवाले नाई लागला पायजे. पन थे आपल्या हातात नाई." गोंधळ कायम.

त्याच सुमारास कविताचा फोन आला. आत्यांच्या अकोल्याच्या घराला कुलूप पाहून तिने नंबर शोधला होता. बायकोला रडू आवरलं नाही, तिने सगळं सांगून टाकलं, वर क्लासची काळजीही सांगितली. पलीकडून कविता फक्त म्हणाली, "बरं ताई."

रविवारी सकाळी मी बाल्कनीत उभा होतो. खाली दोन ऑटो थांबल्या आणि नऊ बाया उतरल्या. सगळ्यात पुढे कविता, आता चांगली तिशीची, भरलेली. मी हादरलो. सगळी वस्ती आत्यांना भेटायला आली म्हणजे आता झाकायला काय उरलं? त्यांना निदान गपचूप वर आणावं म्हणून मी जिना उतरत धावलो. पहिल्या मजल्यावर येऊन पाहतो तर नऊच्या नऊ बाया पहिल्या फ्लॅटची बेल वाजवत उभ्या. मी म्हणालो, "अहो कविताताई, तिथे नाही, वर..." कविताने माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मोठ्याने म्हणाली, "नमस्कार दादा. आमी मच्छराची माहिती सांगाले आलो. तुमच्या घरी कुलर हाये का?"

मी म्हणालो, "आहे." दुसरं काय म्हणणार?

"मंग येतो तुमच्याकडे बी. लाईनीनं येतो."

दार उघडलं, नऊ बाया आत गेल्या. कविताने मनगटावरचं घड्याळ काढलेलं मला दिसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी जिन्यातच बसकण मारली. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि पुढची बेल वाजवली. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी नुसतं पाणी. एका बाईने दार उघडलं नाही, तर त्या बंद दारासमोर नऊजणी पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि टाकी आठवड्यातून एकदा कशी घासावी ते दाराला सांगत होत्या. कोणीच त्यांना हटकलं नाही. उन्हाळ्यात अशा बाया येतातच, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

आमचा नंबर सातवा. जिन्यातला आवाज ऐकून बायकोने नऊ अर्धे कप मांडून ठेवले होते. आत्या केस विंचरून, स्वच्छ पातळ नेसून पलंगावर बसल्या होत्या. बाया आत आल्या, "जय भीम बाई" म्हणाल्या, हळू. आत्या म्हणाल्या, "जय भीम." आणि मग इतक्या लांबून आलेली कविता, दहा-बारा वर्षांपूर्वी जिला आत्यांनी आपल्यासमोर गोळी गिळायला लावली होती ती कविता, पुढच्या खोलीपलीकडे जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, कुलरची टाकी कितीक दिवसानं घासता?" आत्या म्हणाल्या, "दर आठ दिवसानं, माय." "मंग चांगलं हाये." एका बाईने पिशवीतून बरणी काढून खिडकीत ठेवली. आत गप्पी मासे होते. कोणी आत्यांचा हात हातात घेतला, कोणी नुसतंच पाहत होतं. कविताने गोळ्यांचं पाकीट उचलून किती उरल्या ते मोजलं आणि परत ठेवलं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल. तिने घड्याळ उचललं. दारात ती घोटाळली, तेव्हा आत्यांनीच हाताने खूण केली, झाली पाच, निघ. आणि ती आठव्या घरी गेली.

त्या गेल्यानंतरची हकिगत गमतीची आहे. नायब तहसीलदारांनी त्या बायांना कोणत्या योजनेतून आलात, आदेश कोणाचा, असे इतके प्रश्न विचारले की कविताचा नाइलाज झाला आणि तिथे सहा मिनिटं झाली. एवढं एक मिनिट इमारतीला पुरलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी मला जिन्यात थांबवून कुजबुजत सांगितलं, "सर, वर तहसीलदारांकडे काहीतरी आहे हं. त्यांच्याकडे जास्त वेळ बसल्या त्या." आठवडाभर लोक बिचाऱ्यांपासून दोन पायऱ्या राखून चालत होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, आणि यातलं कोणतं आधी वाटायला हवं होतं ते ठरवता आलं नाही. माझी बॅच वेळेवर सुरू झाली.

मी हे आत्यांना सांगायला गेलो तेव्हा दुपार होती आणि खिडकी उघडी होती. त्या बरणीतल्या माशांकडे पाहत होत्या. तहसीलदारांचं ऐकून खूप हसल्या, अलीकडे इतक्या हसल्या नव्हत्या. मग विचारलं, "आपल्या घरी किती येळ बसल्या म्हने?"

"पाच मिनिटं, आत्या. मी घड्याळ लावून पाहिलं."

"अन दुसऱ्याईच्या घरी?"

"तेवढीच."

"मंग शिकल्या," आत्या म्हणाल्या. चौतीस वर्षांची नोकरी त्या दोन शब्दांत त्यांनी मिटवून ठेवली असं मला वाटलं. मी उठायला लागलो. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. मला ऐकू यावं की येऊ नये हे न ठरवलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "पन थे एक मिनिट त्या तहसीलदाराले देल्यापरीस इथी बसली असती पोरगी, तं काय बिघडलं असतं?"